शृंगी घुबड शोधायचं तर आधी खाली बघा

मी लाईनमन होतो. पुरंदर तालुक्यात एकतीस वर्षं पोल चढलो-उतरलो. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून घुबडं बघतो. नातू म्हणतो, "आबा, तुमची रात्रपाळी काही सुटली नाही." खरंय ते.

अकरा केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची लाईन बंद पडली की नवी पोरं मान वर करून तारा बघत चालतात. दोन स्पॅन, म्हणजे पोल ते पोल अशी दोन अंतरं गेली की मान दुखते, तिसऱ्याला पाय बांधावरून घसरतो. जुना लाईनमन पोलच्या बुडाशी बघतो. फुटलेल्या इन्सुलेटरची खपली पडलेली असते, गवत करपलेलं असतं, एखादा कावळा उताणा असतो. बिघाड वर असतो, पण त्याची बातमी खाली मिळते. घुबडाचंही तेच आहे, म्हणून हे आधी सांगितलं.

माझं पहिलं शृंगी घुबड मला असंच पोलखाली सापडलं, मेलेलं. जानेवारीतली रात्र होती, हरभरा घाट्यावर आलेला आणि बोटं वाकत नव्हती इतकी थंडी. लाईन ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, म्हणून पेट्रोलिंगला निघालो आणि सातव्या-आठव्या पोलखाली बॅटरीच्या उजेडात आधी मांजर पडल्यासारखं वाटलं. जवळ गेलो तर पिसं. एका पंखाचं टोक जळलेलं, दुसरा धडधाकट. पंख पसरून बघितले तर पोलवरच्या आडव्या लोखंडाच्या, क्रॉस आर्मच्या लांबीला जवळजवळ पुरले. आणि एका पायात उंदीर, अर्धा खाल्लेला, तसाच घट्ट धरलेला. बरोबरचा हेल्पर म्हणाला, "हात लावू नका, घुबड आहे, अपशकुन." मी म्हटलं, अपशकुन त्याला झालाय, आपल्याला नाही. त्या रात्री लाईन चालू करून घरी आलो, पण तो पाय डोळ्यांपुढून गेला नाही. बोटांपर्यंत पिसांनी झाकलेला, हातमोजा घातल्यासारखा.

कोणतं घुबड, ते आधी पक्कं करा

आपल्याकडे घुबड म्हणून सगळ्यांना एकच शिवी पडते, पण पक्षी वेगवेगळे आहेत. घराजवळच्या चिंचेवर जोडीनं बसून चिरक-चिरक भांडतो तो पिंगळा, जेमतेम साळुंकीएवढा. पडक्या वाड्यात, विहिरीच्या कोनाड्यात राहतं, तोंड बदामाच्या आकाराचं आणि पांढरं, ते गव्हाणी घुबड. हे दोन्ही गावात सापडतात. आपलं शृंगी मात्र गावाबाहेरचं गिऱ्हाईक. माळ, ओढ्याची ताल म्हणजे काठाची उभी दरड, जुनी खाण, घळ, कातळाचा कडा आणि शेजारी पिकाचं रान असं सगळं जिथं एकत्र येतं तिथं त्याचा मुक्काम.

उंची पावणेदोन फुटांच्या आसपास. पुस्तकात ५० ते ५६ सेंटिमीटर लिहितात. रंग तपकिरी-पिवळसर, वर काळ्या रेघोट्या, म्हणजे वाळलेलं गवत आणि खडक यांच्या मधला कुठला तरी. डोळे नारिंगी. डोक्यावर दोन तुरे दिसतात ती शिंगं नव्हेत आणि कानही नव्हेत, नुसती पिसं आहेत. खरे कान चेहऱ्याच्या कडेला पिसांखाली लपलेले असतात. मादी नरापेक्षा मोठी. इंग्रजीत त्याला इंडियन ईगल आउल म्हणतात. शास्त्रीय नाव बुबो बेंगालेन्सिस. पूर्वी युरोपातल्या थोरल्या घुबडाची पोटजात म्हणून त्याला धरायचे, आता स्वतंत्र जात मानतात. १८३१ साली फ्रँकलिन नावाच्या साहेबानं वर्णन करून नाव दिलं आणि त्यात बंगाल घातला. आमच्या कऱ्हा नदीकाठच्या घुबडाला बंगाल कशाला चिकटवला, हे त्या साहेबालाच ठाऊक.

फसगत होते ती मासेमारी घुबडाशी. तेही मोठं, त्यालाही तुरे. पण ते पाण्याला धरून, दाट झाडीत राहतं, आणि त्याचे पाय उघडे असतात. ओल्या पिसांनी मासे कसे धरणार? म्हणून पाय दिसले तर पाय बघा. पिसांचा हातमोजा असेल तर शृंगी.

हाकेवरून जागा कशी काढायची

घुबड दिवसा शोधायला जाऊ नका. आधी कान लावा.

पाऊस हटला, दसरा-दिवाळी झाली, संध्याकाळी हवेत गारवा आला की नर बोलायला लागतो. आवाज खोल, जड, दोन तुकड्यांचा. पहिला आखूड, दुसरा लांबवलेला. बू... बूऽऽ. तोंड मिटून रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा. फार मोठा वाटत नाही, पण लांब जातो. सूर्य बुडाल्यावर पहिला अर्धा तास महत्त्वाचा. जोर वाढत जातो आणि फेब्रुवारीत कळस गाठतो. हाक देताना गळ्याखालचा पांढरा ठिपका फुगतो. उजेड पुरेसा असेल तर अंधारत चाललेल्या खडकावर तेवढंच काहीतरी पांढरं उघडझाप करताना दिसतं.

आता जागा काढण्याची रीत. लाईनवर फॉल्ट कुठं आहे कळत नसेल तर आम्ही एबी स्विच, म्हणजे पोलवरचा लाईन तोडायचा खटका उघडून लाईनचे दोन तुकडे करतो. अलीकडचा तुकडा ठीक असेल तर भानगड पलीकडे. असंच अर्धं-अर्धं करत जायचं. घुबडाला पण हीच रीत लागू पडते. पहिल्या संध्याकाळी रस्त्यावर एका जागी उभे राहा आणि हाक कुठून येते ती दिशा एखाद्या खुणेवर धरा. टॉवर, एकटं बाभळीचं झाड, ट्रान्सफॉर्मरची डीपी, काहीही. त्याच खुणेची रेघ वहीत मारा. दुसऱ्या संध्याकाळी अर्धा किलोमीटर सरकून दुसऱ्या जागी उभे राहा आणि पुन्हा रेघ मारा. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात, तिथं तो बसतो. तिसऱ्या संध्याकाळी खात्री करा. बस, रात्रीचं काम संपलं. अंधारात शेतातून त्या दिशेनं धावत सुटू नका. घुबड तर उडून जाईलच, शिवाय माळावरच्या गवतात घोणस असते आणि ती हाक देत नाही.

मोबाइलवर हाकेचं रेकॉर्डिंग लावून त्याला उत्तर द्यायला लावणारे काही हौशी लोक मी पाहिलेत. तसं करू नका. नराला वाटतं, दुसरा नर हद्दीत आला. शिकार आणि मादी सोडून तो तासभर तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

दिवसा काय बघायचं

आता जायचं दिवसा, आणि माझं सुरुवातीचं बोलणं इथं लागू. वर बघू नका. घुबड कपारीत डोळे बारीक करून, अंग चोरून बसलेलं असतं. तुम्ही शोधेपर्यंत त्यानं तुम्हाला दहादा बघितलेलं असतं. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून ते मान फिरवतं. मानेत १४ मणके, आपल्यापेक्षा दुप्पट. त्यामुळे मान २७० अंशांपर्यंत वळते. म्हणजे तुम्ही मागून गेलात तरी तुमची हजेरी लागलेली असते.

तुम्ही ताल किंवा कडा बघत खालून चाला. पहिली खूण म्हणजे खडकावरचे पांढरे ओघळ, चुना सांडल्यासारखे. पण नुसत्या ओघळांवर विश्वास ठेवू नका, पारवे आणि ससाणेही कडे रंगवून ठेवतात. पारव्याचं शेण सगळीकडे शिंपडलेलं आणि ढिगाऱ्याचं असतं, खाली काटक्या पडलेल्या असतात. घुबडाचा ओघळ एका ठरलेल्या बैठकीखाली ठळक आणि चुन्याच्या पाण्यासारखा पातळ असतो.

दुसरी खूण म्हणजे उलटीचा गोळा. अभ्यासक त्याला पेलेट म्हणतात, आमच्याकडचे मेंढपाळ "घुबडाचा लेंडा" म्हणतात, आणि ते चूक आहे. तो लेंडा नाही, तोंडातून येतो. घुबडाला इतर पक्ष्यांसारखी धान्य साठवायची गळ्यातली पिशवी नसते. खाल्लेलं पोटात जातं, मांस पचतं, आणि केस-हाडं-नखं यांची घट्ट वळकटी होऊन वर येते. शिकारीला निघण्याआधी ते मागच्या जेवणाचा हिशेब असा टाकून देतं. शृंगीचा गोळा अंगठ्याहून जाड, बोटभर लांब, राखाडी. गव्हाणी घुबडाचा लहान असतो, आणि ताजा असताना काळा, वार्निश मारल्यासारखा चमकतो. मासेमारी घुबडाचा हातात घेतला की भुगा होतो, त्यात खेकड्याची कवचं आणि खवले.

तिसरी खूण आवाजाची. सकाळी कोतवाल, बुलबुल, साळुंक्या आणि दोन-चार कावळे एकाच कपारीसमोर गळा काढून ओरडत असतील तर तिथं साप तरी आहे नाहीतर घुबड तरी. कावळे असतील तर बहुतेक घुबड. रात्री त्यांची पोरं उचलतं ना.

या तीन खुणा एका जागी मिळाल्या की थांबा. दुर्बीण काढा. शंभर पावलांवर, ओढ्याच्या पलीकडच्या काठावर बसा. बरोबर एकच माणूस, भडक शर्ट नको, आणि उभं राहून हातवारे करत दाखवायचं नाही. मग खडक बघत राहा. एखाद्या वेळी खडकाचा एक तुकडा डोळे उघडतो.

घरटं नसलेलं घरटं

शृंगी घरटं बांधत नाही. तालीतल्या मातीच्या कोनाड्यात, कड्याच्या फळीवर, कधी नुसत्या झुडपाच्या आडोशाला सपाट जमिनीवर थोडंसं उकरून मादी बसते. अंडी मळकट पांढरी, गोलसर, तीन-चार. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. जागा पसंत पडली की तीच जागा वर्षानुवर्षं वापरतात. म्हणून एकदा सापडलेली जागा जपून ठेवायची. अंडी एकदम घातली जात नाहीत, मध्ये दिवस जातात, आणि मादी पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पिल्लंही मागेपुढे निघतात आणि ओळीनं उभी राहिली तर जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात. महिन्याहून तीन-चार दिवस जास्त ती बसते. नर तिला आणून घालतो.

आता माझी एक चूक सांगतो. निवृत्त होण्याआधीची गोष्ट. एका जानेवारीत मला पहिलंच घरटं सापडलं, एका ओढ्याच्या तालीत, करवंदीच्या आड. मला वाटलं, अंडी मोजू. चढलो. मादी उठली आणि वीस फुटांवर जाऊन जमिनीवर पडली. एक पंख ओढत, लंगडत, तडफडत. मला वाटलं, लागलं हिला. मी तिच्यामागे. मी जवळ गेलो की ती आणखी दहा फूट पुढं. असं करत तिनं मला त्या ओढ्यातून पार पलीकडच्या बांधापर्यंत नेलं आणि मग झकास उडाली. पंखाला काहीही झालं नव्हतं. मी हसलो, परत आलो, अंडी पाहिली, तीन होती. थोडा वेळ तिथं बसून विडी ओढली. पुढच्या आठवड्यात गेलो तर एकच अंडं. मुंगूस असेल, आणखी कोणी असेल. पण मादीला उठवलं मी, माझ्या पावलांची वाट तिथपर्यंत पाडली मी, आणि विडीचं थोटूक खुणेला ठेवून आलो तेही मीच.

तेव्हापासून घरट्याजवळ जात नाही. तुम्हीही जाऊ नका. पक्षी जखमी असल्यासारखं करत असेल तर त्याचा अर्थ एकच: तुम्ही फार जवळ आलात. आल्या वाटेनं मागे फिरा. फोटोसाठी फांदी मोडू नका. त्या फांदीची सावली दुपारच्या उन्हात पिल्लांवर पडते.

एक गोष्ट दरवर्षी होते. मार्चमध्ये कोणीतरी फोन करतं, "आबा, घुबडाचं पिल्लू पडलंय, घरी आणलंय." पडलेलं नसतं. ही पिल्लं उडता येण्याच्या बरीच आधी कोनाड्यातून चालत बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या दगडांत, झुडपांत भटकतात. तुम्ही समोर गेलात तर ते अंग फुगवतं, पंख ढालीसारखे पुढं करतं, चोच वाजवतं. तो रडण्याचा प्रकार नाही, धमकी आहे. आई-बाप जवळच कुठंतरी बघत असतात आणि जवळपास सहा महिने त्याला खाऊ घालणार असतात. आणलं असेल तर जिथून उचललं तिथंच, त्याच दिवशी, झुडपाच्या सावलीत ठेवून या आणि लांब व्हा. माणसाचा वास लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकतात, हे खोटं आहे.

गोळा उघडायची रीत

आता माझ्या आवडीचं काम. घुबड न बघताही त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त इथं कळतं.

गोळे उचलायचे ते दिवसाच्या बैठकीखालचे, घरट्याच्या तोंडाशी पडलेले नाहीत. वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय काही उचलू नका, आणि पीस कितीही देखणं असलं तरी तिथंच राहू द्या. प्रत्येक गोळा वेगळ्या कागदी पुडीत, वर तारीख आणि जागा. प्लास्टिकच्या पिशवीत घातला तर बुरशी धरते. घरी आणून कडक उन्हात आठ-दहा दिवस वाळवायचा, जाळीच्या झाकणाखाली, नाहीतर मुंग्या सगळा पुरावा घेऊन जातात. उघडताना नाका-तोंडावर रुमाल बांधा.

मग रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला, पाण्यात थोडं डेटॉल. सकाळी जुन्या चहाच्या गाळणीत ओता. केस सैल झालेले असतात. स्टीलचं ताट, दोन सुया, टूथपिक आणि भुवया कोरायचा चिमटा एवढं सामान. चिमटा मी बायकोचा घेतला, तेव्हा ती म्हणाली, "घ्या, पण तो परत आणू नका. आणि ते ताट माझ्या घासणीनं घासू नका." ताट आता कायमचं माझं आहे, शेडमध्ये टांगलेलं. हात साबणानं धुवायचे, सांगायला नकोच.

हाडं घुबडाच्या पोटात फारशी झिजत नाहीत, ही आपली मोठी सोय. घार-ससाण्याच्या गोळ्यात हाडं अर्धी विरघळलेली मिळतात. घुबडाच्या गोळ्यात अख्खी कवटी निघते. काळा कागद पसरून हाडं त्यावर वाळत घाला आणि आधी कवट्या-जबडे वेगळे काढा.

पुढं लांब वाकडे नारिंगी-पिवळे दात, मग मोकळी जागा, मग दाढा, असं दिसलं तर उंदराच्या कुळातला प्राणी. कवटी मोठी आणि दणकट तर घूस. वरच्या पुढच्या दातांवर नखानं ओढल्यासारखी उभी खाच असेल तर तो माळावरचा जर्बिल, शेपटीच्या टोकाला झुबका असलेला, कांगारूसारखा उड्या मारणारा. ही खाच भिंगातून छान दिसते, आणि नातवाला ती पहिल्यांदा सापडली तेव्हा तो "आबा, आबा" करत गल्लीभर फिरला. दातांमध्ये मोकळी जागाच नाही, सगळे टोकदार दात सलग, पांढरे, म्हणजे चिचुंदरी. ती उंदीर नव्हे, किडे खाणारी. वरच्या पुढच्या दातांच्या मागे आणखी दोन बारीक दात लपलेले असतील तर सशाचं पिल्लू. लांबलचक काडीसारखी हाडं आणि बारीक सुळे म्हणजे वटवाघूळ. चोच आणि छातीचं नांगराच्या फाळासारखं हाड म्हणजे पक्षी. मला तित्तर, होला, कावळा, आणि एकदा पिंगळाही मिळाला. घुबड घुबडाला खातं, हे ऐकून लोकांना धक्का बसतो. त्याला काय, रात्री हाताशी आला तो घास. खेकड्याच्या नांग्या आणि भुंग्यांची पंखाची झाकणंही निघतात.

मोजायची रीत अशी. हाडं मोजू नका, खालचे जबडे मोजा. डावे वेगळे, उजवे वेगळे, ज्यांची संख्या जास्त तेवढे उंदीर. एकाच गोळ्यात मला चार उंदरांचे जबडे मिळाले आहेत. हे जबडे मी कांद्याच्या एका शेतकऱ्याला नेऊन दाखवले. त्याच्याच बांधाखालच्या तालीत घुबड राहायचं आणि ते हाकलायला त्यानं फटाके आणले होते. ताटातले जबडे बघून तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "हे सगळे माझ्या रानातले?" मी म्हटलं, शेजाऱ्याचेही असतील. फटाके नंतर कुठं गेले मी विचारलं नाही. घुबड तिथंच आहे.

पक्षी-अभ्यासक डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या शृंगी घुबडांच्या घरट्यांचा आणि आहाराचा अभ्यास केला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. आमच्याच तालुक्यात पिंगोरीला त्यांच्या इला फाउंडेशननं २०१८ च्या नोव्हेंबरात घुबड महोत्सव भरवला होता. मी ताटातले जबडे मोजतो ते काम त्यांनी शिस्तीत, मोजमापानं केलं. निष्कर्ष आमच्या कांदेवाल्याला पटेल असाच आहे: शेताला धरून राहणारी, उंदरांवर जगणारी जोडपी पिल्लं चांगली वाढवतात.

तार, विष आणि अमावास्या

तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. एकाच तारेवर बसलेल्याला नाही. दोन तारांमध्ये, किंवा तार आणि जमिनीशी जोडलेलं (अर्थिंग केलेलं) लोखंड यांच्यामध्ये अंग पूल झालं की संपलं. चिमणी-साळुंकीचे पंख तेवढे पुरत नाहीत, शृंगीचे पुरतात. आणि उंदीर हेरायला मोकळ्या माळावर पोलपेक्षा चांगली बैठक नाही. तुमच्या शेतातल्या एखाद्या पोलखाली मेलेलं घुबड दिसलं तर पोलचा नंबर लिहून घ्या आणि जवळच्या वीज कार्यालयात द्या. तिथल्या जंपरला, म्हणजे तारा जोडणाऱ्या तुकड्याला, इन्सुलेशनची नळी चढवता येते. स्वतः काठीनं काही ढोसायला जाऊ नका, लाईन ट्रिप झालेली असली तरी ती कधीही परत चालू होते. शेतात हरभऱ्यासाठी पक्षीथांबे लावता ना? दिवसा त्यांवर कोतवाल बसतो, घाटेअळी टिपतो. त्यातले दोन जरा उंच आणि जाड आडव्या काठीचे करा, लाईनपासून लांब. रात्री त्यांवर कोण बसतं ते सकाळी खालच्या ओघळावरून कळेल.

उंदराच्या विषाचं सांगायचं तर ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं, तो चार-पाच दिवस झिंगल्यासारखा उघड्यावर फिरतो, आणि घुबडाला असला सावकाश उंदीर आयताच मिळतो. वड्या ठेवायच्याच असतील तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा.

जखमी घुबड मिळालं तर जुनं चादरीचं फडकं अंगावर टाका, डोकं झाकलं की ते शांत होतं. पाय धरा, पंख नव्हे. नखं हाताच्या आरपार जातात, माझ्या मनगटावर खूण आहे. पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून अंधारात ठेवा. पाणी पाजू नका, दूध तर अजिबात नाही, बिस्किटही नाही. लोक देतात म्हणून सांगतो. वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा. आणि ते घरी पाळायचा विचार मनात आला तर लगेच काढून टाका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घुबड धरणं, विकणं, पाळणं, सगळाच गुन्हा आहे.

घुबडाला दगड मारू नये असं म्हणतात, ते तो दगड घेऊन झिजवत बसतं आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो. लहानपणी मी घाबरायचो. आता वाटतं, राहू दे हा समज, निदान दगडांपासून तरी घुबडं वाचतात. दुसरा समज मात्र जिवावरचा आहे. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी दिला की धन मिळतं, असं सांगणारे भोंदू आहेत आणि त्यांच्यासाठी घुबडं पकडून पुरवणारेही आहेत. ऑक्टोबरमध्ये माळावर अनोळखी माणसं "घुबड कुठं बसतं हो?" असं विचारत आली तर मी त्यांना जेजुरीची वाट दाखवतो. तुम्ही जागा शोधली की तिचा नकाशा, मोबाइलवरचं ठिकाण, ओळखू येईल असा मागच्या डोंगराचा फोटो, काही कुणाला पाठवू नका. घरच्यांनाही "ओढ्याकडं गेलो होतो" एवढंच सांगा.

वही मात्र ठेवा. शाळेची दोनशे पानी पुरते. तारीख, वेळ, हाका किती, दिशा कुठली, गोळे किती, एवढंच लिहा. कविता करू नका. माझ्या वहीतलं यंदाचं पहिलं पान असं आहे: ९ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा वीस, हाका अकरा, डीपीच्या डावीकडं, खाणीच्या बाजूनं. खाली नातवाच्या अक्षरात: "बारा. आबांना एक ऐकू आली नाही."